निमकर बाईंची सही

निमकर बाईंनी मला सांभाळून घेतलं. आज मी लखनौत दोन खोल्यांत बायको-मुलीसह राहतो, माझ्या हाताखाली नऊ माणसं काम करतात, ते बाईंमुळं. हे आधीच लिहून टाकतो. मला क्रमानं लिहायची सवय नाही आणि पुढं कुठं अडखळलो तर निदान एवढं तरी कागदावर आलेलं असेल. काय झालं ते आता सांगतो.

मी जतकडचा. सातवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, कुणी काढलं नाही. वेल्डिंगच्या दुकानात लागलो, तिथून एका ठेकेदाराबरोबर रस्त्याच्या कामावर, एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर करत करत लखनौला पोचलो. काम एकच, रस्त्याच्या कडेला क्रॅश बॅरियर बसवायचं. तुम्ही हायवेवरून जाता तेव्हा खिडकीतून दोन वळ्यांचा लोखंडी पत्रा बरोबर पळताना दिसतो ना, तो. जमिनीत खांब ठोकायचे, खांबाला पत्रा बोल्टानं आवळायचा, पत्र्याला पत्रा जोडत पुढं जायचं. आम्ही त्या पत्र्याला बीम म्हणतो. दिवसाला किती खांब झाले एवढंच आम्हाला विचारलं जायचं. तो कशासाठी असतो हे मला कुणी विचारलं नव्हतं, मीही कुणाला विचारलं नव्हतं.

मलिहाबादच्या पुढं नव्या चौपदरी रस्त्याचं काम चालू होतं. मी खांब मोजत चाललो होतो, तोंडातल्या तोंडात. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, एकतीस.

"तीस कुणी नेला?" मागून आवाज आला.

लखनौला येऊन आठ महिने झाले होते आणि फोन सोडला तर समोरासमोर मराठी ऐकलं नव्हतं. मी वळून बघितलं. ठेंगणी बाई, वय सत्तावन्न-अठ्ठावन्न, पंजाबी ड्रेस, पायात पुरुषी बूट, वरून चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, तेही त्यांच्या मापापेक्षा बरंच मोठं. हातात लोखंडी टेप. सरकारच्या वतीनं आमचं काम तपासणारी जी कंपनी होती, तिच्यातल्या त्या इंजिनियर, निमकर. साइटवर त्यांना समोर मैडम जी म्हणायचे आणि पाठीमागं, त्या टेपमुळं, फीतेवाली मैडम.

"कुठला तू?"

"जत."

"मी सांगलीची. म्हणजे आपण एकाच एसटीतले." मग त्यांनी टेप लावली, बीमची उंची मोजली आणि म्हणाल्या, "हा खांब दोन बोटं खाली गेलाय. गाडी वरून उडेल. उपट."

गाववाली भेटल्याचा आनंद माझा तिथंच उतरला. खांब उपटून पुन्हा ठोकताना राम सजीवन, म्हणजे आमच्या खांब ठोकायच्या मशीनचा चालक, बाराबंकीचा माणूस, हसून म्हणाला, "लो दत्ता भैया, तुम्हारे देस से बुआ आई हैं।"

मी त्यांना बाई म्हणू लागलो. त्या म्हणाल्या, "बाई का रे? मी काही शाळेत शिकवत नाही." मी म्हटलं, "मला दुसरं काही येत नाही." त्यांनी मान हलवली. त्या मात्र मला कधी दत्ता म्हणाल्या नाहीत, पूर्ण दत्तात्रय म्हणायच्या. आईसुद्धा म्हणत नाही.

त्यांच्या सवयी सांगायच्या तर, जेवताना त्या नेहमी रस्त्याकडं तोंड करून बसायच्या. डबा साधा असायचा, भाकरी मात्र रोज, आणि ज्वारीचं पीठ लखनौत कुठं मिळतं यावर त्या तासभर बोलू शकायच्या. मजुरांतल्या लहानातल्या लहान माणसालाही आप म्हणायच्या, आणि ते आप म्हणून झालं की त्याचं काम उपटायला लावायच्या. राम सजीवन म्हणायचा, "गाली दे देतीं तो अच्छा था।"

रविवारी त्या जुन्या रस्त्यावर जायच्या. ई-रिक्षा करून, एकट्या. जिथं गाडी धडकून बॅरियर वाकलाय तिथं उतरायचं, फोटो काढायचा, वहीत आकृती काढायची. एका रविवारी मला बरोबर नेलं. एके ठिकाणी बीम पोट आत ओढून धरल्यासारखा वाकला होता, तीन खांब मागं कलले होते. बाईंनी डांबरावर बघितलं, "ब्रेकची खूण नाही. झोप लागली असणार." मग बीमवरून, कलत्या खांबांवरून नजर फिरवली. कुठं काही फाटलं नव्हतं, काही घुसलं नव्हतं. "हा घरी गेला," त्या म्हणाल्या आणि वहीत तसंच लिहिलं, घरी गेला. त्या वहीत असे पुष्कळ जण होते. काही पानांवर काहीच लिहिलेलं नव्हतं, नुसती आकृती. त्यांच्याबद्दल मी विचारलं नाही.

साइटवर सगळे समजून होते की बाईंचे यजमान अपघातात गेले, म्हणून त्या अशा. मलाही ते खरं वाटलं. एकदा जेवताना मी धीर करून म्हणालो, "बाई, साहेबांचं ऐकून वाईट वाटलं."

"कुठले साहेब?"

"तुमचे."

त्यांनी घास खाली ठेवला. मग हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "दत्तात्रय, मी लग्नच केलेलं नाही. घरातलं कुणी मेल्याशिवाय माणूस नीट काम करत नाही असं वाटतं का तुम्हाला?" हसणं थांबल्यावर त्यांनी डबा लावून टाकला. अर्धी भाकरी आत तशीच होती.

बॅरियरबद्दल मी जे शिकलो ते आंब्यांवरून. रस्त्यालगत मिर्झा साहेबांची दशहरी आंब्यांची बाग होती. त्यांचं म्हणणं, बॅरियरमध्ये बागेसमोर दहा हात जागा मोकळी सोडा, माझ्या आंब्याच्या गाड्या सरळ रस्त्यावर चढतील. आमचा ठेकेदार तयार होता. बाई नाही म्हणाल्या नाहीत, बागेत जाऊ म्हणाल्या. आम्ही गेलो. सरबत झालं, हालहवाल झाली. मग बाईंनी टोपलीतले चार आंबे मागितले आणि दिवाणावरची सतरंजी बाजूला करून लाकडी फळीवर मांडामांड केली. एकीकडं वीट ठेवली, एकीकडं मिर्झा साहेबांचा गमछा घडी करून, एकीकडं माझ्या हातात सुतळी ताणून धरायला दिली.

पहिला आंबा फळीवरून जोरात घरंगळत विटेवर सोडला. "ही सिमेंटची भिंत. हटत नाही. पुलावर हीच लागते, कारण मागं हटायला जागाच नाही, खाली पाणी. पण सगळा मार आतल्याला." दुसरा गमछ्यावर. "हा आमचा लोखंडी पत्रा. थोडा वाकतो, थोडा मार स्वतः घेतो. मागं हातभर जागा हवी." तिसरा सुतळीवर. सुतळी पोटात आली आणि आंबा हळूच परत फिरला. "हा तारांचा दोर. सगळ्यात मऊ. पण ह्याला मागं भरपूर जागा लागते आणि एकदा मार खाल्ला की पुन्हा ताणून द्यावा लागतो. कुणी ताणत नाही." हे सगळं त्या हिंदीत सांगत होत्या, मधेच मराठीत घसरत होत्या. मग चौथा आंबा हातात घेऊन त्यांनी सुरी मागितली आणि सुरीचं टोक येणाऱ्या आंब्याकडं करून फळीवर धरली. "आणि मधेच तोडलेल्या बॅरियरचं उघडं टोक, ते हे."

आंबा त्यांनी सोडला नाही. मिर्झा साहेबांनीच हात पुढं करून तो उचलून घेतला. "मैडम, आप आम पर बहुत ज़ुल्म करती हैं," ते म्हणाले. जागा मोकळी सुटली नाही. गाड्या पुढच्या, रस्त्याखालच्या बोगद्यातून घालायचं ठरलं. जाताना बाईंनी पहिले तीन आंबे अंगठ्यानं दाबून मला दाखवले, विटेवरचा आतून बसला होता, वरून मात्र तिन्ही सारखेच दिसत होते.

त्यानंतर महिनाभरानं मी गँगचा मुकादम झालो. बाईंनीच शब्द टाकला असणार. मुकादमाला खोली मिळायची, म्हणजे संगीताला आणि पोरीला आणता येणार होतं. बाईंनी मला तपासणीचा तक्ता दिला. "आजपासून पहिली तपासणी तू करायची, दुसरी मी. खाली तू सही करायची, त्याच्या खाली मी." पगाराच्या कागदाशिवाय मी कुठं सही केली नव्हती. त्या दिवशी संगीताला फोनवर हे तीन वेळा सांगितलं.

दहावीला बाहेरून बसायचा फॉर्म त्यांनी माझ्यासाठी आणला होता, तो घ्यायला एकदा मी गोमती नगरला त्यांच्या घरी गेलो. चौथा मजला, एकच खोली आणि बाल्कनी. त्यांनी पोहे केले. मधेच भोपाळहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. त्या मराठीत बोलत होत्या, जेवलास का, ताईच्या गुडघ्याचं काय झालं. तिकडून, "हाँ मौसी। ठीक है मौसी। बाद में करता हूँ।" फोन ठेवून त्या म्हणाल्या, "समजतं त्याला सगळं." मी उठायला लागलो तर पुन्हा चहा टाकला. तो झाल्यावर आणखी एकदा. मग म्हणाल्या, "बोल काहीतरी."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलही. मराठीत."

मी उद्या किती खांब टाकायचे ते सांगत बसलो. त्या ऐकत होत्या, हातावर हनुवटी ठेवून.

आता ते सांगतो.

बीमला बीम जोडताना एक टोक दुसऱ्यावर चढवतात. त्याला लॅप म्हणतात. नियम असा की येणाऱ्या गाडीला आधी भेटणारा पत्रा वर, पुढचा त्याच्या खाली. म्हणजे गाडी घासत गेली तर नुसती घसरत जाते, कुठं अडत नाही. लॅप उलटा पडला तर प्रत्येक जोडाला पत्र्याची उघडी धार गाडीच्या तोंडाकडं येते. धार अडकली की पत्रा सुटून आत घुसू शकतो. मला हे चांगलं माहीत होतं. मी नवीन पोरांना हेच पहिलं शिकवायचो.

लखनौकडं येणारी बाजू आधी तयार झाली, दुसरी व्हायची होती. म्हणून काही आठवडे दोन्हीकडची वाहतूक त्या एकाच बाजूवर सोडली. डावीकडून लखनौला येणारे, मधल्या दुभाजकाला लागून लखनौहून जाणारे. त्याच दिवसांत आम्ही त्या बाजूच्या दुभाजकाचे बीम लावले. माझ्या खांद्याजवळून दिवसभर ट्रक लखनौहून बाहेर जात होते. मी त्यांच्याकडं बघितलं आणि त्यांच्या दिशेनं लॅप टाकला. दीड किलोमीटर. रस्ता पुरा उघडल्यावर इथून गाड्या उलट्या दिशेनं धावणार आहेत, हे माझ्या डोक्यात आलं नाही. एकदाही नाही.

बाई त्या आठवड्यात कालव्यावरच्या पुलापाशी होत्या, सिमेंटची भिंत ओतायचं काम चालू होतं. तक्ता घेऊन मी तिकडं गेलो. उंची त्यांनी येता-जाता स्वतः मोजली होती. विचारलं, "लॅप बघितलास?"

"बघितला."

"गाड्यांच्या दिशेनं?"

"हो बाई."

त्यांनी माझ्या सहीखाली सही केली.

मग एके सकाळी दुसरी बाजू उघडली, वळवलेली वाहतूक सरळ झाली. मी जीपमधून लखनौकडं येत होतो. उजव्या हाताला माझा दुभाजक होता. ऊन तिरपं होतं आणि प्रत्येक जोडाची धार माझ्याकडं चमकत येत होती. एकामागून एक.

राम सजीवनला सांगितलं. तो म्हणाला, "चुप मार के बैठिए। काग़ज़ पर साइन हो गया, अब कौन हाथ फेरने आ रहा है? बीवी-बच्ची का टिकट निकाल चुके हो।" काढलं होतं, ते खरं. मी गप्प बसलो. दोन दिवस मी त्या रस्त्यावरून जाणं टाळलं, जसं काही मी न बघितल्यानं जोड फिरणार होते. तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंना फोन लावला.

त्या आल्या. बीमवर तळहात ठेवून गाड्यांच्या दिशेनं चालू लागल्या. पहिल्या जोडाला त्यांच्या हातमोज्याचा दोरा अडकला. त्यांनी तो सोडवला, पुढच्या जोडाशी गेल्या, पुन्हा अडकला. असे चार जोड चालल्या.

"कधी कळलं?"

"परवा."

"परवा," त्या म्हणाल्या. नंतर म्हणाल्या, "म्हणजे दोन दिवस माणसं गेली इथून." आवाज चढवला नाही. वर माझ्याकडं बघितलंही नाही. पिवळे-केशरी कोन मागवून दुभाजकाजवळची लेन त्यांनी स्वतः उभं राहून बंद केली आणि ऑफिसला फोन लावला.

दुपारी साइटच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. दोन्ही कंपन्यांचे मॅनेजर, टेबलावर तो तक्ता. ठेकेदाराच्या मॅनेजरनं माझ्या सहीवर बोट ठेवलं. "यह दत्तात्रय कौन है? किसके कहने पर उल्टा डाला?"

मी भिंतीला लागून उभा होतो. तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं. बाई खुर्चीवर बसल्या होत्या, जाकीट मांडीवर घडी करून.

"उनसे क्या पूछते हैं," त्या म्हणाल्या. "दिशा मैंने बताई थी। जैसा बताया, वैसा किया। नीचे दस्तख़त मेरे हैं।"

"आपने चेक नहीं किया?"

"नहीं किया। बिना देखे साइन किया।"

यातलं शेवटचं खरं होतं. पहिलं खरं नव्हतं. बाईंनी मला कसलीच दिशा सांगितली नव्हती. दोन बोटांच्या फरकासाठी खांब उपटायला लावणारी बाई, कुणाच्या भल्यासाठीही तक्त्यावर आकडा न बदलणारी, ती माझ्यासमोर खोटं बोलली, आणि मी भिंतीला लागून उभा राहिलो. तोंड मिटलं. "जाओ, काम पर लगो," मॅनेजर म्हणाला आणि मी गेलो.

सगळे बोल्ट काढून, पत्रे फिरवून ते दीड किलोमीटर पुन्हा बांधलं. बाई रोज होत्या, प्रत्येक जोडावरून हात फिरवत. कामाचं सोडून माझ्याशी काही बोलल्या नाहीत. शेवटच्या दिवशी मी म्हटलं, "बाई, मी सांगायला हवं होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "हवं होतं." मग विचारलं, "पोरगी कधी येतेय?"

"बुधवारी."

"मग जा. खोली झाडून ठेव."

त्यांचा करार दरवर्षी नवा व्हायचा. त्या वर्षी झाला नाही. कुणी त्यांना काढलं असं म्हणता येणार नाही, पुढचं पत्र आलं नाही एवढंच. त्या भोपाळला जाणार की सांगलीला हे मला त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारायला गेलो नाही. रोज जायचं ठरवायचो. संगीता म्हणायची, "एवढ्या चांगल्या बाई, एकदा जेवायला तरी बोलवा." मी म्हणायचो, बोलवू.

त्यांचं घर रिकामं होतंय हे राम सजीवननं सांगितलं. त्या रविवारी मी गोमती नगरला गेलो, सामान उतरवायला हात लावीन असं ठरवून. पोचलो तेव्हा टेम्पो भरून झाला होता. चौकीदार मागची दोरी आवळत होता. सामान फार नव्हतं, एक कपाट, एक पलंग, पुस्तकांची खोकी, तुळशीची कुंडी. बाई पुढं ड्रायव्हरच्या शेजारी बसल्या होत्या, मांडीवर कुकर धरून. मी रस्त्याच्या पलीकडच्या कडेला होतो, मधून गाड्यांची रांग सुटत नव्हती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. टेम्पो सुरू झाला तेव्हा त्यांनी हात वर केला. माझ्याकडं बघून केला की चौकीदाराकडं, ते मला आजही सांगता येत नाही. मी माझा हात वर केला तेव्हा टेम्पो वळणापाशी गेला होता.

संगीताला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं बाईंची मुदत संपली आणि त्या गेल्या. ज्या कंपनीत बाई होत्या तिथल्या कागदावर मात्र अजून तेच लिहिलेलं असणार, दिशा निमकरांनी चुकवली. आधी संगीताला सांगेन. मग त्या ऑफिसात जाऊन उभा राहीन आणि सांगेन की लॅप मी उलटा टाकला, कळल्यावर दोन दिवस मी गप्प बसलो, बाईंनी कसलीही दिशा दिली नव्हती. त्यानंतर ह्या दोन खोल्या राहतील की जातील मला माहीत नाही, आणि त्याचीच भीती वाटते म्हणून अजून गेलेलो नाही. पण जाणार आहे. बाई, तुम्ही जिथं असाल तिथं, तुमची ती सही मी एक दिवस मोकळी करीन.